गळती शून्य

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी यादी आली. पटपडताळणीच्या पहिल्या दिवसासाठी बारा शाळा निवडल्या होत्या आणि पहिल्या क्रमांकावर सरांची शाळा होती. पथक सोमवारी सकाळी अकराला पोचणार होतं.

यादी धाकट्याच्या फोनवर आली, कारण सरांचा धाकटा मुलगा हाच त्यांचा स्वीय सहायक होता. त्याने ती मोठ्याने वाचली. शेवटी शिक्षणमंत्र्यांची एक ओळ होती: हा ठराव मांडणाऱ्या सन्माननीय सदस्यांच्या गौरवार्थ पडताळणीचा शुभारंभ त्यांच्याच आदर्श शाळेपासून करण्यात येत आहे. ‘गौरवार्थ’पर्यंत धाकट्याचा आवाज चढता होता. पुढे तो उतरला आणि त्याने वहिनीकडे पाहिलं.

वहिनी म्हणजे सरांची थोरली सून. चार वर्षांपासून त्या शाळेची मुख्याध्यापिकाही तीच, म्हणून घराबाहेर सगळे तिला बाई म्हणत. शाळेच्या पटावर एकेचाळीस मुलं होती. वर्गात सव्वीस बसत. हे बाईंना माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि खोलीतल्या बाकीच्या चौघांना नेमकं आता आठवलं.

सर आमदार होऊन आठ वर्षं झाली तरी त्यांच्या बैठकीच्या खोलीत शाळाच भरत होती. भेटीला आलेली माणसं शाळेतून बाद झालेल्या बाकांवर बसत आणि बोलायचं असेल तर हात वर करत. सभागृहात मंत्र्याने लांबलचक उत्तर दिलं की सर शांतपणे विचारत, ‘‘पण प्रश्न काय होता?’’ एकदा एका मंत्र्याच्या तोंडून ‘हो सर’ निघून गेलं आणि ते कामकाजात नोंदलं गेलं. पोटची तीन मुलंही त्यांना सरच म्हणत. तिघंही त्यांच्याच वर्गात शिकली होती. घरी वेगळी हाक मारायची सवय लागायला वेळच मिळाला नाही.

त्यांची सगळी कारकीर्द दोन शब्दांवर उभी होती. गळती शून्य. ते मुख्याध्यापक असताना बावीस वर्षांत त्या शाळेतून एकही मूल मधेच सुटलं नाही. या दोन शब्दांवर त्यांना पुरस्कार मिळाला, पुरस्कारावर वर्तमानपत्रात फोटो आला आणि फोटोवर पक्षाचं तिकीट मिळालं, कारण त्या वर्षी पक्षाला स्वच्छ माणूस तातडीने हवा होता आणि हाताशी दुसरा कोणी नव्हता.

शून्य कसं आलं, हे कोणी विचारलं नाही. सरांचा एक नियम होता. मूल यायचं बंद झालं की त्याच्या घरी जायचं, आणि ‘आमचं पोर आता शाळेत येणार नाही’ असं घरच्यांनी तोंडावर सांगितल्याशिवाय नाव कमी करायचं नाही. सरांच्या तोंडावर असं सांगणारं माणूस त्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायचं होतं. सगळे म्हणत, पाठवतो. मग नाव राही. सर रोज ते पुकारत आणि रोज त्याच्यापुढे गैरहजेरी मांडत. गैरहजर मुलाला त्यांनी कधी हजर लावलं नाही, आणि गेलेल्या मुलाला गेलं म्हटलं नाही. सर आमदार झाल्यावर बाई येईपर्यंतची चार वर्षं प्रभारी शिक्षकांनीही तोच नियम चालवला.

आठ वर्षांत त्यांनी सभागृहात सहाशेच्या वर प्रश्न विचारले आणि एक ठराव मांडला. इतर शाळा पट फुगवतात, सबब दारोदार जाऊन मुलं मोजा. सरकारने तो मान्य केला, यावर खुद्द सरांचाही आठवडाभर विश्वास बसला नव्हता. मग सरकारने त्याला दोन ओळी जोडल्या. तीसपेक्षा कमी मुलं भरली तर ती शाळा बंद. पट खोटा निघाला तर जबाबदार माणूस निलंबित.

‘‘पंधरा मुलं,’’ धाकटा म्हणाला. ‘‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे. ताईची एक, माझी दोन, माझ्या मेव्हण्याची तीन–’’

‘‘माझी लेक कॉलेजात आहे,’’ ताई म्हणाली. ही सरांची मधली मुलगी, धंद्याने वकील.

‘‘अंगाने बारीक आहे ती. मागच्या बाकावर बसेल.’’

‘‘याला कॉपी म्हणतात,’’ सर म्हणाले. ‘‘माझ्या घरात कॉपी चालणार नाही.’’

‘‘मग सरळ नापास होऊ या,’’ धाकटा म्हणाला आणि फोनमध्ये डोकं घालून बसला.

‘‘वहिनी, तू वाईट वाटून घेऊ नकोस,’’ ताई म्हणाली. या वाक्यानंतर या घरात काय येतं, ते बाईंना सतरा वर्षांत पाठ झालं होतं. ‘‘चार वर्षं सही तुझी आहे. अठ्ठेचाळीस महिन्यांचे अठ्ठेचाळीस तक्ते. कागदावर सर कुठेच नाहीत. तू लिहून दे, की कार्यभार घेताना पट तपासायचा राहून गेला. प्रशासकीय त्रुटी. फार तर सहा महिने निलंबन होईल. तोवर सर काहीतरी मार्ग काढतीलच.’’

‘‘हे? हे काढतील मार्ग?’’ आईंनी, सरांच्या बायकोने, विचारलं. ‘‘यांनी उभ्या जन्मात कोणाची एक बदली थांबवली नाही. सख्ख्या भाच्याची थांबवली नाही.’’

‘‘त्याला वशिला म्हणतात,’’ सर म्हणाले.

‘‘तेच म्हणतेय मी.’’

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि समोरच्याला काय दिसतंय हे विचारण्यात त्याचा दिवस जाई. स्वतःला काय दिसतंय, हे सांगायची वेळ त्याच्यावर क्वचित येत असे.

‘‘सहा महिने म्हणजे तसे फार नाहीत,’’ तो खिडकीला उद्देशून म्हणाला. ‘‘आपलं दुकान आहेच.’’

‘‘दुकान तुमचं आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘खोटा पट ठेवणारी मुख्याध्यापिका मी होणार आहे. सहा महिन्यांनी निलंबन उठेल. ते नाही उठणार.’’

‘‘आणि सर पडले तर? ते चालेल तुला?’’ ताईने विचारलं. ‘‘दोन वर्षांनी निवडणूक आहे. नाव घराचंच जाणार ना शेवटी.’’

निवडणुकीचं नाव निघताच धाकट्याने मान वर केली. पुढच्या खेपेला सर उभे राहिले नाहीत तर कोण, याची काळजी तो बरेच दिवस नि:स्वार्थीपणे वाहत होता. ‘‘ताईचं बरोबर आहे, वहिनी,’’ तो म्हणाला. उसन्या मुलांची यादी त्याने फोनमधून पुसून टाकली.

म्हणजे तिघं एका बाजूला झाले. आई एरवी न विचारता लेकीच्या बाजूने असत, म्हणून ताईने त्यांच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. ‘‘आईलाही वाटतं की–’’

‘‘थांब जरा. मला काय वाटतं ते मी सांगते,’’ आई म्हणाल्या. ‘‘हिने खुर्चीवर बसल्या बसल्या अकरा नावं कमी करायला काढली होती. याच खोलीत कागद घेऊन आली होती. तेव्हा अडवलं कोणी?’’

‘‘अडवलं नाही,’’ सर म्हणाले. ‘‘घरी जाऊन आलीस का, एवढंच विचारलं.’’

‘‘जाऊन आले होते, सर,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मग काय म्हणाले?’’

‘‘पाठवतो म्हणाले.’’

‘‘मग झालं तर,’’ सर म्हणाले, आणि त्यांच्यापुरता विषय खरोखरच संपला. या माणसाला आपण खोटं बोललो असं एकदाही वाटलेलं नाही, हे बाईंना चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. आपल्याला मात्र अठ्ठेचाळीस वेळा वाटलं होतं, आणि अठ्ठेचाळीस वेळा आपण सही केली होती.

‘‘सर, ती मुलं येत नाहीत.’’

‘‘येत नाहीत आणि येणार नाहीत यात फरक आहे.’’

‘‘उद्या अकराला तो राहणार नाही.’’

सरांनी घड्याळ पाहिलं. वर्गावर निघायच्या वेळी उठत तसे ते उठले. ‘‘पाच वाजतायत. पंधरा मुलांची किती घरं?’’

‘‘अकरा.’’

‘‘चल.’’

रविवारी ड्रायव्हरची सुट्टी असे, म्हणून गाडी थोरल्याने चालवली. सर पुढे बसले, बाई वही घेऊन मागे.

पहिलं घर गवंड्याचं. त्याची दोन मुलं पटावर होती. त्यातला मोठा दीड वर्षापासून बापाच्या हाताखाली काम करत होता. आमदारांची गाडी दारात बघून गवंडी बनियनवरच बाहेर आला. ‘‘निवडणूक लागली का सर?’’

‘‘नाही. पोरं शाळेत येत नाहीत तुझी.’’

‘‘उद्या पाठवतो.’’

सरांनी मागे वळून सुनेकडे पाहिलं. वहीत लिही, असा त्याचा अर्थ होता. बाईंनी लिहिलं.

दुसऱ्या घरी आजी आणि आई दोघी दारात आल्या. मुलगा मामाकडे राहत होता.

‘‘मामा कुठे असतो?’’ सरांनी विचारलं.

‘‘लांब असतो सर. दोन दिवस लागतात पोचायला.’’

‘‘मग उद्या सकाळी कसा येईल तो?’’

‘‘तुम्ही स्वतः आलात म्हटल्यावर यायलाच पाहिजे,’’ आजी म्हणाली.

चौथ्या घराला कुलूप होतं. कुलपावर गंज होता. शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याने सांगितलं, की ते लोक दोन वर्षांपूर्वीच बिऱ्हाड हलवून गेले. मग सरांचा चेहरा पाहून त्याने हात पुसले आणि म्हणाला, ‘‘मी निरोप देतो ना. पाठवतील ते.’’

‘‘हेही लिहू?’’ बाईंनी विचारलं.

सर गाडीत जाऊन बसले. बाईंनी लिहिलं. गाडीच्या काचेत थोरल्याचा चेहरा दिसत होता. तो हसू दाबत होता आणि ते बायकोला दिसतंय हे त्यालाही दिसत होतं.

पाचव्या घरी हो म्हणाले. सहाव्या घरी हो म्हणून वर नळाच्या पाण्याचं तेवढं बघा म्हणाले. आठव्या घरी बाप घरात नव्हता, पण तो आला की हो म्हणेल असं त्याच्या भावाने सांगितलं. साडेसहा वाजेतो वहीत चौदा मुलं उद्या येणार होती. आपला सासरा माणसांना किती हवाहवासा आहे, हे बाईंना इतक्या जवळून कधी दिसलं नव्हतं. त्याला दुखवण्यापेक्षा लोक आनंदाने खोटं बोलत होते.

अकरावं घर नव्हतं, दुकान होतं. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे पंधराव्या नावाची मुलगी मशीनवर बसली होती. चौदा वर्षांची. सर दारात दिसताच तिने पाय थांबवला आणि सवयीने उभी राहिली.

‘‘उद्या येशील ना?’’ सरांनी विचारलं.

‘‘नाही सर,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी नाही येणार.’’

शिंपीणबाईंनी तोंडातली टाचणी काढली. ‘‘अगं, येते म्हण की सरांना.’’

‘‘पण जाणार नाहीये ना मी. मग उगाच कशाला म्हणू?’’

‘‘का नाही येणार?’’ सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उत्तराची पद्धत दाखव, असं ते गणिताच्या तासाला विचारत, तसंच विचारलं.

‘‘शाळेत मी तीन वर्षं भागाकारावर अडकले होते. इथे मला चार महिन्यांत कॉलर जमायला लागली.’’ तिने मशीनखालचा शर्ट उचलून दाखवला. सरांनी कॉलर बोटांनी चाचपून पाहिली, उलटी केली, सुलटी केली.

‘‘बरोबर आहे,’’ ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी बाईंकडून वही मागून घेतली, ते नाव शोधलं, खिशातून पेन काढलं. पेन नावावर टेकलं आणि तिथेच राहिलं. मागे हॉर्न वाजला, थोरल्याने गाडी थोडी पुढे घेतली, एक सायकल मधून गेली, तरी रेघ ओढली गेली नव्हती. शेवटी त्यांनी वही बाईंना परत दिली. ती रेघ बाईंनी ओढली.

गाडी परतीच्या वाटेला लागली.

‘‘मला कोणी नाही म्हणत नाही,’’ सर अचानक म्हणाले. ही तक्रार होती की आत्ता लागलेला शोध, ते कळत नव्हतं. मग म्हणाले, ‘‘तू म्हणायला हवं होतंस. चार वर्षांपूर्वी.’’

‘‘हो.’’

‘‘का नाही म्हणालीस?’’

‘‘मी काय परगावची आहे का, सर?’’

थोरला या खेपेला हसला नाही. त्याने आरसा उगाचच नीट केला.

‘‘उद्या शाळेत याल?’’ बाईंनी विचारलं.

‘‘उद्या अधिवेशन आहे. ठरावाची अंमलबजावणी सुरू केल्याबद्दल सरकारचे आभार मानायचेत मला. माझं नाव लागलंय.’’

‘‘मग मी काय लिहू?’’

‘‘खरं ते लिही.’’

‘‘खरं लिहिलं तर त्यात तुम्ही येता.’’

गाडी दारात येऊन थांबली होती. सरांनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. मग ते उतरून आत गेले.

आत ताईने निवेदन टाइप करून ठेवलं होतं. खाली बाईंचं नाव, पद आणि सहीसाठी टिंबं. बाईंनी ते उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं. सही केली नाही, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्याची एक प्रत ताईने सरांच्या बॅगेतही ठेवली. सभागृहात कोणी विचारलंच तर असावी.

अंगणात थोरला चपलेच्या टोकाने माती उकरत उभा होता. ‘‘सहा महिने फार नाहीत म्हणालो मी.’’

‘‘ऐकलं.’’

‘‘चुकलं ते.’’

‘‘हे मला नका सांगू. आत जाऊन सांगा.’’

तो आत गेला. आतून आधी ताईचा आवाज आला, मग बराच वेळ ताईचाच, मग आईंचा. सात-आठ मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. ‘‘सांगितलं,’’ तो म्हणाला.

सोमवारी पथक अकरा वाजून पाच मिनिटांनी आलं. तिघं होते. पथकप्रमुख किडकिडीत, स्वतःची पाण्याची बाटली आणि स्वतःचं पेन घेऊन फिरणारा माणूस होता. त्याने मुलं एकदा पुढून मोजली आणि एकदा मागून.

चौदापैकी दोन आली होती. गवंड्याचा मोठा मुलगा चुन्याने माखलेल्या कपड्यांत, साडेअकराला परत जायच्या बोलीवर. आणि नळाच्या पाण्यावाल्यांची मुलगी, हातात पाण्याचा अर्ज घेऊन.

‘‘अठ्ठावीस,’’ पथकप्रमुख म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘पटावर एकेचाळीस.’’

‘‘परवापर्यंत. काल संध्याकाळी चाळीस झाले.’’

त्याने हजेरीपत्रकं मागितली. चार वर्षांची काढून दिली. तो पानं उलटत गेला, मग पुन्हा पहिल्या पानावर आला. ‘‘न येणारी नावं रोज गैरहजर लावलीत तुम्ही.’’

‘‘रोज.’’

‘‘पट फुगवणारे हजर लावतात, बाई,’’ तो म्हणाला. कोणीतरी कामाची रीत मोडल्याचं त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. ‘‘नाहीतर फुगवून उपयोग काय?’’

‘‘उपयोग नव्हताच.’’

त्याने एक छापील नमुना पुढे सरकवला. बाईंनी पर्समधली घडी बाहेर काढली, टेबलावर उघडली, पुन्हा एकदा वाचली. मग ती चार तुकडे करून टोपलीत टाकली आणि नमुन्यातल्या ‘नावे कमी न करण्याचे कारण’ या रकान्यात लिहिलं: मूल येणार नाही असे घरच्यांनी तोंडावर सांगेपर्यंत नाव कमी करायचे नाही, असा या शाळेचा नियम आहे. तो मागील मुख्याध्यापकांनी बावीस वर्षे पाळला. मी तो चुकीचा आहे हे माहीत असून चार वर्षे पाळला.

पथकप्रमुखाने ते समोर बसूनच उलटं वाचलं. ‘‘मागील मुख्याध्यापक म्हणजे...’’

‘‘हो. तेच.’’

तो बाटलीतलं पाणी प्याला. खाली ‘जबाबदार व्यक्तीचे नाव’ असा शेवटचा रकाना होता.

‘‘दोन नावं लिहिली तर चालतील?’’

‘‘जागा एकाचीच आहे, बाई.’’ मग तो म्हणाला, ‘‘आम्ही तीनला निघतो.’’

शाळा बंद होणार हे आता ठरल्यासारखंच होतं. अठ्ठावीसचे तीस होणार नव्हते. सव्वीस मुलांना सात किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जावं लागेल, त्यातली किती पोचतील ते बाईंना बोटावर मोजता येत होतं. उरला होता तो एक रकाना. त्यात स्वतःचं नाव लिहिलं की सर सुटत होते. सरांचं लिहिलं तर चार वर्षांच्या सह्या उरत होत्या, आणि त्या बाईंच्या होत्या.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी धाकट्याचा फोन आला. तो सभागृहाच्या कॉरिडॉरमधून दबक्या आवाजात बोलत होता.

‘‘वहिनी, सर उठले होते आत्ता. आभाराचं भाषण हातात होतं, ते खाली ठेवलं. म्हणाले, वैयक्तिक खुलासा करायचा आहे.’’

‘‘कसला?’’

‘‘विषय सांगितला नाही. मलाही नाही. तिकडचा आकडा मी मघाशीच दिला होता त्यांना. अठ्ठावीस.’’

‘‘काही म्हणाले?’’

‘‘कोणते दोघं आले, एवढंच विचारलं.’’ धाकटा घुटमळला. ‘‘ताईने दिलेला कागद त्यांच्या खिशात आहे, वहिनी. बॅगेतून काढून घेतलाय त्यांनी. वाचायला घेतलाय की फाडायला, मला माहीत नाही. तू रकाना भरलास का?’’

‘‘तुम्ही कोणाच्या वतीने विचारताय, भाऊजी?’’

‘‘ते अजून ठरलं नाही माझं,’’ तो म्हणाला. सतरा वर्षांत दिराच्या तोंडून बाईंनी ऐकलेलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं.

अध्यक्षांनी सरांना बसायला सांगितलं होतं. जेवणाची सुट्टी दहा मिनिटांवर आली आहे, सन्माननीय सदस्यांचा खुलासा अडीच वाजता घेऊ. सर बसले होते.

दोनला शाळेची मधली सुट्टी संपली. पथकप्रमुख व्हरांड्यात डबा धुवून आत आला, नमुन्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन इतर कागद लावू लागला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, घातलं. दोन वाजून वीस मिनिटांनी धाकट्याचा निरोप आला. सुट्टीत सगळे उठून गेले, सर उठले नाहीत. जेवलेले नाहीत. सभागृहात एकटेच जागेवर बसून आहेत आणि कागदावर काहीतरी लिहीत आहेत.